आवडीचा शेजार

नागपूरच्या धंतोलीतल्या एका सभागृहात गेल्या हिवाळ्यात एक चर्चा ऐकली. मराठी वाचकाने इंटरनेटवर वाचण्याजोगं शोधायचं कसं, हा विषय. व्यासपीठावर दोन बाजू होत्या. एक म्हणत होती, शोधयंत्र आहे, आता तर एआय थेट उत्तरच देतं, मग वेबसाइट शोधत बसायचंच कशाला? दुसरी म्हणत होती, इंटरनेटवर कचरा फार साचलाय, तेव्हा जाणकारांची समिती नेमावी आणि तिने चांगल्या संकेतस्थळांची प्रमाणित यादी काढावी. दोन तास हेच चाललं. एका बाजूने ‘अल्गोरिदम’ म्हटलं की दुसरीने ‘दर्जा’ म्हणायचं. चहाच्या वेळी मी शेजारच्या दोघांना विचारलं, तुम्ही रोज जी साइट उघडता ती तुम्हाला सापडली कशी? एकीला तिच्या भाचीने दाखवली होती. दुसऱ्याला बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने, ज्याच्याशी त्याचं गाण्यावर बोलणं जमायचं. सभागृहातल्या बहुतेकांनी असंच काही सांगितलं असतं. त्यांना कुणी विचारलंच नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. वाचकाला वेबसाइट सापडण्याचा सर्वांत भरवशाचा रस्ता त्याच्यासारखी आवड असलेल्या इतर वाचकांकडून जातो. त्या वाचकांनी स्वतःसाठी जे राखून ठेवलं, ते मला दिसावं आणि मी राखलेलं त्यांना दिसावं, एवढीच व्यवस्था लागते. तिला मी आवडीचा शेजार म्हणते. ती एकेकाळी होती. आपण ती हातची जाऊ दिली आणि मराठीत तर तिची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे. या विचाराला विरोध करणारे बहुतेक जण त्याला ‘बहुमत’ समजून विरोध करतात. सगळा वाद तिथेच बिघडतो.

बहुमत आणि आवडीचा शेजार यांतला फरक मला फार लहानपणी कळला. नागपूरच्या महाल भागातल्या ज्या वाचनालयात मी शाळेत असताना जायचे, तिथे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून खाकी कागदाचं एक पाकीट चिकटवलेलं असे. त्यात एक पिवळट कार्ड. कार्डावर दोनच रकाने : नेणाऱ्याचा सभासद क्रमांक आणि परतीची तारीख. मी बारा-तेरा वर्षांची असेन. मला अतिशय आवडलेल्या तीन पुस्तकांच्या कार्डांवर ४१७ हा आकडा आहे, हे एके दिवशी लक्षात आलं. मग मी कपाटातून पुस्तक काढलं की आधी कार्ड बघायला लागले. ४१७ दिसला की पुस्तक घरी न्यायचं. या अनोळखी माणसाने मला रहस्यकथांवरून प्रवासवर्णनांवर नेलं आणि प्रवासवर्णनांवरून विदर्भातल्या जंगलांवरच्या एका जाडजूड पुस्तकावर, ज्याला मी एरवी हातही लावला नसता. दुसरा एक क्रमांक होता, २९०. त्याने नेलेलं पुस्तक मला हमखास कंटाळवाणं वाटे, म्हणून २९० दिसला की पुस्तक परत कपाटात. दोन्ही क्रमांक माझ्या सारख्याच उपयोगाचे होते. ४१७ म्हणजे कोण, हे मला कधीच कळलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही. त्या कार्डावर शिफारस नव्हती, तारे नव्हते, कौतुक नव्हतं. कुणीतरी हे पुस्तक घरी नेलं होतं, एवढीच नोंद होती.

संगणकाच्या जगाला ही युक्ती १९९० च्या दशकात सापडली. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ईमेलचा पूर आवरेना, तेव्हा तिथल्या लोकांनी टॅपेस्ट्री नावाची व्यवस्था केली. एकाने वाचून केलेली नोंद दुसऱ्याला गाळणीसारखी वापरता यावी, असा तिचा हेतू होता. ‘कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग’, म्हणजे एकमेकांच्या मदतीने गाळणं, हा शब्द १९९२ मध्ये तिथूनच आला. दोन वर्षांनी ग्रुपलेन्स आलं. मिनेसोटा विद्यापीठाचं नाव आजही त्याच्याशी जोडलेलं आहे. यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरचे लेख वाचून वाचकाने एक ते पाच गुण द्यायचे. मग संगणक त्याचे गुण इतरांच्या गुणांशी ताडून बघे आणि न वाचलेल्या लेखांपैकी कुठला आवडेल याचा अंदाज सांगे. ज्यांचे गुण नेहमी उलटे पडत, तेही त्या गणितात धरले जात. म्हणजे माझ्या कार्डावरचा २९० सुद्धा.

मतदानात प्रत्येकाचं मत सारख्याच वजनाचं आणि निकाल सगळ्यांसाठी एकच. इथे माझ्यासाठी ४१७ चं वजन मोठं, उरलेल्या हजारांचं जवळपास शून्य. तुमच्यासाठी हिशेब वेगळा. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतल्या दंडार या लोकनाट्याविषयी वाचायची इच्छा असलेले साऱ्या महाराष्ट्रात तीस जण असतील, तर मतदानात त्यांना काहीच मिळणार नाही. आवडीच्या शेजारात त्या तिसांचं भरलेलं घर असेल. मग बहुमताविरुद्धचे आक्षेप या व्यवस्थेच्या माथी का मारायचे?

शोधयंत्राची बाजू घेणाऱ्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. काय हवं ते नेमकं ठाऊक असेल, तर शोधयंत्राला तोड नाही. रेल्वेचं वेळापत्रक, सातबारा, एखाद्या कायद्याचं कलम, यांसाठी मी कुणाच्या आवडीनिवडी बघत बसणार नाही. पण काय हवं तेच ठाऊक नसेल तर? आणि शोधयंत्र तरी चांगलं पान ओळखतं कशावरून? १९९८ मध्ये गूगल ज्या कल्पनेवर उभं राहिलं, ती होती दुव्यांची : ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं, आणि महत्त्वाच्या पानाने दाखवलेलं बोट अधिक मोलाचं. पुढे त्यात आणखी अनेक गोष्टी मिसळल्या, पण मराठीत मुळात बोट दाखवणारी पानंच कमी. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची समान संगणकीय पद्धत रुळण्याआधीचा आपला बराच मजकूर वेगवेगळ्या फॉन्टांत अडकला, जो शोधयंत्राला वाचताच येत नव्हता. कितीतरी चांगला मजकूर आजही छायाचित्रासारखा स्कॅन करून ठेवलेला आहे. शिवाय लिपी हिंदीशी सामायिक असल्याने दोन शब्द टाकले की निम्मी पानं हिंदीची येतात.

माझा मामेभाऊ काटोलला संत्र्याची बाग करतो. ऑगस्ट संपता संपता आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची फळं गळायला लागली आणि झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडला. त्याने फोनवर ‘संत्रा फळगळ’ शोधलं आणि मला फोन केला, “ताई, सगळे औषध विकणारेच येऊन राहिले. कारण कोणीच सांगून नाही राहिलं.” कारण सांगणं सोपंही नाही. गळ बुरशीने होते, पाण्याचा निचरा न झाल्याने होते, झाडाला अन्न कमी पडल्याने होते, फळातला रस शोषणाऱ्या पतंगानेही होते, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. काटोलपासून साठेक किलोमीटरवर, नागपुरात अमरावती रोडला, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. माहिती आहेच. तिच्यापर्यंत नेणारी वाट नव्हती. त्याला शेवटी उपयोगी पडलेलं पान मिळालं ते नरखेडच्या एका बागायतदाराकडून, ज्याची जमीन याच्यासारखीच भारी काळी आणि ज्याने आदल्या वर्षी हीच गळ सोसली होती. मामेभावाच्या शिवेला लागून शेत असलेल्या शेजाऱ्याची जमीन मुरमाड आहे. त्याने सांगितलेलं पान याच्या काही कामाचं नव्हतं. एआयचं तयार उत्तरही मामेभावाने वाचलं होतं. त्यात चारही कारणं नीट लिहिली होती. आपल्या बागेचं कारण कोणतं हे ओळखायला लागतो तो सारख्या जमिनीवरचा माणूस, आणि त्याने कुठलं पान जपून ठेवलं ही माहिती.

समितीवाल्यांचा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. ते म्हणतात, आरोग्य, इतिहास, कायदा अशा विषयांत आवड हा निकष धोक्याचा. खरं आहे. मधुमेहाच्या रुग्णांनी एकमेकांना आवडलेलं पान चुकीचंही असू शकतं. तिथे वैद्याची मोहर हवीच. पण सगळ्या इंटरनेटची यादी हाताने करण्याचा प्रयोग जगाने दोनदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सुरू केलेली सूची पुढे याहू झाली. ती सूची २०१४ च्या अखेरीस बंद पडली. १९९८ चा ओपन डिरेक्टरी प्रकल्प, ज्याला लोक डीमॉझ म्हणत, हजारो स्वयंसेवक संपादकांवर चालला आणि मार्च २०१७ मध्ये थांबला. माणसं मन लावून काम करणारी होती. तरी नव्या साइटा नोंदणीसाठी ताटकळत राहायच्या आणि मेलेल्या साइटा यादीत तशाच राहायच्या, कारण यादी करणारा एक आणि वाचणारे लाख. वाचणाऱ्याला रोज कळणारी गोष्ट यादी करणाऱ्याला वर्षाने कळत होती.

समितीला काय दिसत नाही, हा प्रश्न मला वेगाच्या प्रश्नाहून महत्त्वाचा वाटतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दीक्षाभूमीवर दरवर्षी लोक जमतात आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. ज्याने ते पाहिलेत त्याला मी काय म्हणते ते लगेच कळेल. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानांत कधी न दिसलेली पुस्तकं, पुस्तिका, छोट्या गावातल्या छापखान्यांतून आलेल्या कविता तिथे ढिगांनी विकल्या जातात. काही वर्षांपूर्वी मी एका स्टॉलशी उभी होते. बुलढाण्याकडचे एक काका खिशातून वहीचं घडी घातलेलं पान काढून दुकानदाराला वाचून दाखवत होते. पानावर चौदा-पंधरा नावं, चार-पाच वेगवेगळ्या अक्षरांत. प्रत्येक नावापुढे मागवणाऱ्याचं आद्याक्षर. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “आमच्या वस्तीतल्या वाचनालयाची यादी आहे, बाई. मागच्या वर्षी एकानं नेलं, ते चौघांनी वाचलं, आता चौघांना त्याच्या पुढचं पाहिजे.” त्या काळातल्या कोणत्या प्रमाणित यादीने हे वाचन ओळखलं असतं? साहित्यव्यवहाराने दखल घेण्याच्या कितीतरी आधी या वाचकांनी आपला ग्रंथसंग्रह स्वतः निवडला, वाढवला, टिकवला. दर्जाचा निर्णय समितीकडे सोपवताना समितीच्या नजरेच्या कडाही आपण सोबत घेतो.

आता समूहाच्या वेडेपणाविषयी. इथे विरोधकांकडे भक्कम पुरावा आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या डिग या दुवे सुचवण्याच्या साइटवर वाचक दुव्यांना वर चढवत आणि खाली गाडत. थोड्याच वर्षांत मूठभर सराईत सदस्य पहिलं पान ठरवू लागले आणि २०१० मध्ये एक गट संगनमताने विरोधी विचारांचे दुवे गाडत असल्याचं उघडकीस आलं. त्याहून बोलका आहे मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. चौदा हजारांहून अधिक लोक, अनोळखी गायकसंचांची ४८ गाणी, काहींना इतरांची पसंती दिसत नव्हती, आणि उरलेल्यांची आठ वेगळ्या जगांत विभागणी. इतरांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं हा आकडा ज्यांना दिसत होता, त्यांच्या वेगवेगळ्या जगांत वेगवेगळी गाणी डोक्यावर बसली. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. आधी कोण कुठे झुकलं यावर सगळं ठरलं.

हा प्रयोग मी अनेकदा माझ्याविरुद्ध ऐकला आहे. मला तो माझ्या बाजूचा वाटतो. लोकांना बिघडवलं ते ‘किती जणांनी’ या आकड्याने. माझ्या कार्डावर तो आकडा नव्हताच. कुणी नेलं एवढंच होतं. म्हणून आवडीच्या शेजाराची व्यवस्था करायची तर पहिला नियम हा : एकूण किती जणांना आवडलं ते दाखवायचं नाही. दुसरा नियम पहिल्याइतकाच महत्त्वाचा : नोंद घ्यायची ती स्वतःसाठी ठेवलेल्या गोष्टीची, चारचौघांत दाखवलेल्या पसंतीची नाही. अंगठा वर करणं ही बरेचदा लोकांना दाखवायची कृती असते. पुस्तक घरी नेणं ही स्वतःची गरज. जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या डिलिशस या दुवे साठवण्याच्या साइटचं मर्म हेच होतं. माणूस दुवा साठवायचा तो पुन्हा सापडावा म्हणून, आणि इतरांना वाट सापडायची ती त्याच्या साठवण्यातून आपोआप. खोटं बोलण्यात कुणाचा फायदाच नव्हता, निदान सुरुवातीची काही वर्षं.

“हे तर व्हॉट्सअ‍ॅपवर होतंच आहे,” असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण पाठवतो, ठेवत नाही. न वाचता पाठवतो. दुसऱ्या दिवशी तो दुवा शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो आणि गटात नव्याने आलेल्याला तो सहसा दिसत नाही. मामेभावाला मिळालेलं ते पान नरखेडच्या गटावर आदल्या वर्षी येऊन गेलं होतं. वर्षभराने ते ज्याने स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलं होतं त्याच्याकडेच सापडलं.

आपल्याच आवडीच्या लोकांत राहिलो तर आपण कोंडले जाऊ, हाही आक्षेप आहे आणि तो कळकळीने घेतला जातो. पण ज्याची आवड माझ्याशी शंभर टक्के जुळते, तो मला नवं देणार तरी काय? त्याच्याकडे आहे ते सगळं माझ्याकडे आहेच. उपयोगी पडतो तो निम्मा जुळणारा. जुळलेल्या अर्ध्यामुळे विश्वास बसतो आणि न जुळलेला अर्धा नवी वाट दाखवतो. ४१७ ने मला जंगलांवरच्या पुस्तकाशी असंच नेलं. माणूस कोंडला जातो तो यंत्र कारण न सांगता तेच ते वाढत राहिल्याने. मला हे का दाखवलं, कुणामुळे दाखवलं, हे समोर असेल आणि मी उद्या ४१७ ला सोडून ५३० च्या मागे जाऊ शकत असेन, तर दार उघडं आहे.

एका आक्षेपापुढे मात्र मला थांबावं लागलं. तो खासगीपणाचा. सभासद क्रमांक दिला म्हणजे माणूस लपला, असं मी अनेक वर्षं समजत होते. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलर्सची स्पर्धा जाहीर केली आणि ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले गुण, नावं काढून टाकून, खुले केले. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवून दिलं की आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या साइटवर लोकांनी उघडपणे दिलेल्या गुणांशी ते ताडले, तर नाव नसलेला माणूसही ओळखता येतो. चार-सहा आवडी आणि तारखा पुरतात. खासगीपणाच्याच प्रश्नावरून नेटफ्लिक्सची दुसरी स्पर्धा २०१० मध्ये रद्द झाली. महालातल्या वाचनालयात हा धोका छोटा होता, कारण कार्ड त्या पुस्तकातच राहायचं. सगळी कार्डं एका टेबलावर मांडून कुणी ४१७ चं चरित्र लिहीत नव्हतं. तेव्हा आजच्या व्यवस्थेला आणखी एक अट हवी : वाचक स्वतः जे बाहेर ठेवेल तेवढंच बाहेर. पाहिलेल्या प्रत्येक पानाचा माग नको, जुळणीचं गणित शक्यतो त्याच्या स्वतःच्याच यंत्रावर व्हावं आणि सगळ्यांच्या आवडींचा एकच ढीग कुणा एकाच्या हाती नसावा. याने व्यवस्था थोडी मंद होईल. माझी हरकत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, की हे सगळे प्रयोग बंद पडले, म्हणजे लोकांना ते नको होते. स्टंबलअपॉन घ्या. २००१ मध्ये कॅल्गरीत सुरू झालं. विषय निवडायचे, एक बटण दाबायचं, तुमच्यासारख्या वाचकांना आवडलेली एक साइट समोर यायची. ईबेने ते २००७ मध्ये साडेसात कोटी डॉलर्सना विकत घेतलं, दोन वर्षांनी संस्थापकांनी परत घेतलं आणि जून २०१८ मध्ये ते थांबलं. डिलिशस २००५ मध्ये याहूकडे गेलं, पुढे आणखी हात बदलत २०१७ पर्यंत फक्त जुनं वाचण्यापुरतं उरलं. ही कल्पना हरल्याची लक्षणं आहेत का? याच पद्धतीवर आज दुकानं माल खपवतात आणि व्हिडिओच्या कंपन्या आपल्याला तासन्‌तास बसवून ठेवतात. तिच्यातला अंदाज दहा टक्क्यांनी सुधारावा म्हणून नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलर्स मोजले. पद्धत विक्रेत्याच्या घरी सुखाने नांदते आहे. वाचकाच्या ताब्यात असलेली तिची प्रत तेवढी बंद झाली, कारण तिचा मालक वाचक नव्हता.

म्हणून ती कंपनीच्या हातात पुन्हा देऊ नये आणि समितीच्याही नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे आणि त्याखाली चालणारी हजारो वाचनालयं आहेत. सभासद आहेत, क्रमांक आहेत, विश्वास आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेले ग्रंथालयशास्त्राचे नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, हे वेबसाइटना तसेच्या तसे लागू पडतात. प्रत्येक वाचनालयाने सभासदांनी राखलेल्या संकेतस्थळांची नोंद ठेवावी, क्रमांकाने, ज्याची इच्छा असेल त्याचीच, आणि ती शेजारच्या वाचनालयाशी वाटून घ्यावी. नव्या साइटला कुणीच वाचक नसतो ही अडचण ग्रंथपालाने सोडवावी. नवी पुस्तकं दाराशी मांडतात, तशा नव्या साइटा मांडाव्या. इथे जाणकाराचं काम आहे आणि ते मोठं आहे.

माझ्या आताच्या वाचनालयात दिवाळीनंतर ग्रंथपालांनी टेबलावर एक लांबट वही ठेवली. मीच आग्रह धरला होता. रकाने तीन : क्रमांक, पत्ता, कशासाठी. मी पहिल्या दिवशी सात साइटा लिहिल्या, त्यांत मामेभावाने सांगितलेलं ते पान होतं. परवा वही उघडली तर चौथ्या पानावर ११२ या सभासदाने तेच पान पुन्हा लिहिलेलं होतं, पेन्सिलने, आणि तिसऱ्या रकान्यात : ‘आंबियासाठी. जमीन भारी.’ त्याखाली त्याने आणखी दोन पत्ते लिहिलेत, एक पावसाच्या नोंदींचा आणि एक जुन्या नाट्यपदांचा. मी दोन्ही उतरवून घेतले.